जपानमधल्या तीन दुकानांतला माल एजंटमार्फत एकाच खोक्यात सोलापूरला मागवता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अक्कलकोट रोडला युनिफॉर्म शिवायचं युनिट आहे, त्यासाठी शिलाई मशीनचे हुक (खालच्या धाग्याचा फेरा घेणारा भाग) आणि बॉबिन केस (खालच्या धाग्याची बॉबिन बसते ती डबी) हव्यात. स्वतःसाठी दोन फाउंटन पेनं, शाईच्या तीन बाटल्या आणि कॅमेऱ्याची एक जुनी लेन्स घ्यायची आहे. विक्रेते सगळे जपानमधले आणि त्यांतला एकही भारतात पाठवत नाही. शॉपिंग एजंट धरून सगळं एका खोक्यात आणलं तर स्वस्त पडेल का, आणि हातात येईपर्यंत किती खर्च होईल?

मागवता येतो, पण या यादीचं एक खोकं करू नका. मशीनचे भाग वेगळे, पेनं-शाई वेगळी, आणि लेन्स महागातली असेल तर तीही वेगळी. खोकं एक म्हणजे कस्टमपुढे कागदही एकच. त्यातली एक वस्तू अडली की तिच्यासोबत बाकीचा निर्धोक मालही गोदामात पडून राहतो. माल एकत्र केल्यानं भाडं वाचतं हे खरं, पण ते एकाच जातीचा माल असेल तर.

आधी एजंटाबद्दल. या धंद्यात दोन प्रकारचे लोक आहेत. फॉरवर्डर तुम्हाला जपानमधल्या गोदामाचा पत्ता देतो आणि खरेदी तुमची तुम्ही करायची. टेन्सो या प्रकारातलं. झेनमार्केट, बायी, फ्रॉम जपान हे खरेदीही करून देतात: तुम्ही वस्तूची लिंक द्यायची, ते त्यांच्या नावावर घेतात, गोदामात ठेवतात आणि सांगाल तेव्हा एकत्र बांधून पाठवतात. तुम्हाला दुसरा प्रकार लागेल. जपानी दुकानांत परदेशी कार्ड बऱ्याचदा नाकारलं जातं, खातं उघडायला जपानी मोबाइल नंबर मागतात, आणि मर्कारीसारख्या जुन्या मालाच्या बाजारात विक्रेत्याशी जपानीत बोलावं लागतं.

एजंटाकडे पैसे दोनदा भरायचे असतात, आणि नवख्या माणसाचा हिशेब तिथेच चुकतो. पहिल्या वेळी वस्तूची किंमत, दुकानापासून गोदामापर्यंतचं जपानमधलं भाडं आणि एजंटाची फी. ही फी बहुतेक ठिकाणी नगामागे किंवा ऑर्डरमागे काही शे येन असते. दुसऱ्या वेळी पॅकिंग, परदेशी भाडं आणि विमा. नगामागे फी घेणाऱ्याकडून दोनशे येनांची बॉबिन केस एकेक करून मागवली तर फीच वस्तूपेक्षा महाग पडते. एका दुकानातले सगळे नग एकाच ऑर्डरमध्ये घाला. जपानमधलं भाडंही त्यामुळे एकदाच लागतं. जपानचा १० टक्के उपभोग कर किमतीत धरलेला असतो. माल एजंटाच्या नावावर घेतला जातो, त्यामुळे तो कर परत मिळेल असं गृहीत धरू नका.

पैसे भरताना यूपीआय चालेल असं समजू नका. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा. ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात. बँक परकीय चलनाचा अधिभार लावते, साधारण २ ते ३.५ टक्के, आणि त्या अधिभारावर जीएसटी. साइटनं "रुपयांत भरा" असा पर्याय दिला तरी येनच निवडा. रुपयांच्या दरात त्यांचा नफा आधीच मिळवलेला असतो.

आता ऑर्डर. मशीनचे भाग नुसतं मॉडेल सांगून मागवू नका, पार्ट बुकातला पार्ट नंबर द्या. जुकी या जपानी कंपनीच्या डीडीएल-८७०० मशीनचंच उदाहरण घ्या: साधी मशीन आणि धागा आपोआप कापणारी मशीन दिसायला भावंडं, पण कापणाऱ्या मशीनच्या बॉबिन केसमध्ये बॉबिन रिकामी फिरू नये म्हणून एक पातळ स्प्रिंग असते. चुकीची केस आली तर बसते, शिवतेही, आणि धागा कापल्यावर पहिल्या टाक्याला गुंता करते. मग कारागीर धाग्याच्या टेन्शनचा स्क्रू फिरवत बसतो. जुन्या हुकाची पाती आणि नंबर यांचा फोटो काढून एजंटाच्या टिपेच्या रकान्यात जोडा. आणि सुयांसाठी जपान गाठू नका. साध्या मशीनची डीबी×१ असो की ओव्हरलॉकची डीसी×२७, ऑर्गन या जपानी कंपनीच्या सुया इथल्या मशीनच्या दुकानांतही मिळतात. परदेशातून आणायचं ते इथे नकलीच मिळतं असं, किंवा मिळतच नाही असं.

लेन्सचं मात्र सावकाश घ्या. जपानी विक्रेते दोष लपवत नाहीत, पण ते जपानीत लिहितात आणि यंत्राचं भाषांतर तिथे अर्धवट पडतं. वर्णनात "काबी" दिसलं तर काचेत बुरशी, "कुमोरी" म्हणजे आतली काच धूसर, आणि "जंक" लिहिलं असेल तर वस्तू चालेल याची हमी कुणी घेतलेली नाही. "चालवून पाहिलेलं नाही" हेही जंकचंच सभ्य नाव समजा. मर्कारीवर आणखी एक अडचण आहे. माल मिळाल्यावर घेणाऱ्यानं विक्रेत्याला गुण दिले की सौदा संपतो, आणि एजंटाचे लोक पार्सल गोदामात येताच गुण देऊन मोकळे होतात. महिन्यानं तुम्हाला बुरशी दिसली तरी विक्रेता बांधील राहत नाही. त्यामुळे लेन्स मर्कारीऐवजी कॅमेऱ्याच्या दुकानातून घ्या, थोडी महाग पडली तरी. दुकानं दर्जा ठरवून देतात आणि दोष निघाला तर ठरावीक दिवसांत परत घेतात.

ते दिवस थोडे असतात, बहुधा आठवड्याभराचे, आणि वस्तू गोदामात पोचली की मोजायला सुरुवात होते. म्हणून फोटोची सेवा वस्तू पोचल्या पोचल्या मागा. पाठवायच्या दिवशी सगळ्यांचे फोटो एकदम मागितले तर तोवर परतीची मुदत गेलेली असते. लेन्सचा फोटो समोरून नको, मागून उजेड धरून काढायला सांगा. बुरशीचं जाळं तसंच दिसतं. हुकांचे फोटो नंबरासकट.

गोदामात फुकट ठेवायची मुदत एजंटागणिक वेगळी असते, साधारण ३० ते ४५ दिवस, पुढे नगामागे रोजचं भाडं. ही मुदत प्रत्येक वस्तूची स्वतंत्र चालते. पेनं पहिल्या आठवड्यात आली आणि शाई दुकानदार तीन आठवड्यांनी मागवून देणार असेल, तर पेनांची मुदत शाईची वाट पाहण्यात संपते. ज्याला वेळ लागणार ते आधी मागवा, तयार माल शेवटी. डिसेंबर संपता संपता ते जानेवारीच्या ३-४ तारखेपर्यंत, एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या मध्यावर जपानमध्ये मोठ्या सुट्ट्या असतात. तेव्हा दुकानंही बंद आणि गोदामही सुस्त.

भाड्यात सगळ्यात जास्त पैसा वजनात जातो असं वाटतं, पण जातो बऱ्याचदा आकारात. डीएचएल, फेडेक्ससारख्या कुरिअरांचा नियम असा: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ते उत्तर आणि खरं वजन यांत जे जास्त त्याचे पैसे. तुमची दोन पेनं आणि तीन बाटल्या, पॅकिंगसकट, दीडेक किलोच्या आत बसतील. पण खोकं ४०×३०×२५ चं असेल तर ते ६ किलो धरलं जातं. तेच ३०×२५×२० मध्ये बसवलं तर ३ किलो. म्हणून एकत्र बांधायला सांगताना "शक्य तितकं लहान खोकं" हे शब्द लिहा, आणि दुकानांची बाहेरची खोकी काढून टाकायला सांगा. पेनाची मूळ पेटी ठेवायची असेल तर तेही लिहा, नाहीतर तीही कचऱ्यात जाईल. जपान पोस्टाच्या ईएमएस या जलद टपालसेवेचं भाडं मात्र खऱ्या वजनावर असतं. त्यामुळे हलका पण जागा खाणारा माल ईएमएसनं परवडतो, आणि हुकांसारखा छोटा जड माल कुरिअरनं. भारतासाठी ईएमएस त्या वेळी चालू आहे का, ते एजंटाच्या पाठवणीच्या पानावर पाहूनच ठरवा.

एकत्र केल्यानं पैसे वाचतात ते एवढ्यासाठी की पहिल्या अर्ध्या किलोचा दर सगळ्यात चढा असतो आणि पुढचा प्रत्येक अर्धा किलो स्वस्त होत जातो. तीन पार्सलं म्हणजे तो चढा दर तीनदा. कस्टम सोडवण्याची कुरिअरची फीही तीनदा. तरीसुद्धा धातूचे हुक आणि शाईच्या काचेच्या बाटल्या एका खोक्यात घालण्यात शहाणपण नाही. विमानतळावर खोकं आपटतं तेव्हा आत काय होईल हे वेगळं सांगायला नको.

शाईबद्दल जरा जास्त. फाउंटन पेनची शाई पाण्याची असते, पेट घेत नाही, तिला विमानबंदी नाही. पण गोदामातला माणूस बाटली पाहतो आणि "द्रव" म्हणून बाजूला ठेवतो. ऑर्डरच्या टिपेतच "पाण्यावर आधारित, ज्वलनशील नाही" असं लिहून ठेवा; मागितलं तर कंपनीच्या संकेतस्थळावरचं सुरक्षा पत्रक द्या. प्रत्येक बाटलीच्या झाकणाला चिकटपट्टी आणि वेगळी बंद पिशवी, एवढं पॅकिंगमध्ये मागा. मशीनचं तेल, गंजरोधक स्प्रे, परफ्यूम, लायटर, सुटी लिथियम बॅटरी यांतलं काहीही "जाता जाता" टाकू नका. स्प्रे आणि परफ्यूम हवाई टपालात चालत नाहीत, सुटी लिथियम बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाही. एजंट ती वस्तू काढून ठेवतो, तिचं पुढे काय करायचं ते विचारतो, आणि तुमचं खोकं तोवर थांबतं.

आता कस्टम. आधी एक भ्रम काढून टाकू: "गिफ्ट लिहा, ड्यूटी लागणार नाही." डिसेंबर २०१९ पासून टपाल किंवा कुरिअरनं भेट म्हणून माल आणायलाच मनाई आहे. अपवाद फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांचा. गिफ्ट लिहिलं की सूट मिळत नाहीच, उलट अडवायला कारण मिळतं. किंमत कमी दाखवायचा सल्लाही कानाआड करा. जाहीर किंमत खरी नसेल तर कस्टम कायदा १९६२ च्या कलम १११ खाली माल जप्त होऊ शकतो, कलम ११२ खाली दंड. वर नुकसान झालं तर विमा जाहीर किमतीपुरताच मिळतो. एजंटाला प्रत्येक वस्तूचं नाव, नग, खरी किंमत आणि एचएस कोड (कस्टमसाठी मालाचा वर्ग सांगणारा आकडा) लिहायला सांगा: फाउंटन पेन ९६०८, शाई ३२१५, लेन्स ९००२, शिलाई मशीनचे भाग आणि सुया ८४५२. "स्टेशनरी" किंवा "पार्ट्स" एवढंच लिहिलेलं पार्सल उघडलं जाण्याची शक्यता जास्त.

ड्यूटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर नसते. किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर असते. यातला फार कमी लोकांना माहीत असलेला भाग म्हणजे विमानानं आलेल्या मालात भाडं वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. विम्याचा आकडा कागदावर नसेल तर १.१२५ टक्के धरतात. उदाहरण करून पाहू. पेनं-शाई मिळून ३०,००० येन, हिशेबाला सोपं म्हणून येनाला ६० पैसे, म्हणजे १८,००० रुपये. भाडं समजा ५,४०० लागलं, पण धरायचं ३,६००. विमा सुमारे २०० रुपये. बेरीज २१,८००. मूळ ड्यूटी २० टक्के धरली तर ४,३६०. तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ४३६. आता झाले २६,५९६, त्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, १८ टक्के, ४,७८७. एकूण कर ९,५८३ रुपये. म्हणजे १८,००० चा माल दारात ३३,००० च्या जवळ, आणि कुरिअरची सोडवणूक फी वेगळी. यातले टक्के मी हिशेबापुरते धरलेत. अर्थसंकल्पागणिक ते बदलतात आणि वस्तूच्या वर्गाप्रमाणेही, त्यामुळे मागवण्याच्या आठवड्यात सीबीआयसीच्या (केंद्राच्या अप्रत्यक्ष कर व कस्टम मंडळाच्या) संकेतस्थळावर आपला कोड टाकून दर पाहा. विनिमय दरही बँकेचा चालत नाही, कस्टमनं जाहीर केलेला चालतो. हा हिशेब केल्यावर पायलट, सेलरसारखी पेनं भारतातल्या विक्रेत्याकडे काय भावानं आहेत ते एकदा बघा. बऱ्याच मॉडेलांत फरक इतका थोडा निघतो की एवढी यातायात करायची गरज राहत नाही.

हुक आणि केस युनिटसाठी आहेत, त्यांना "वैयक्तिक वापर" म्हणू नका. वैयक्तिक वापराला आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, लागत नाही. पण व्यापार, उत्पादन किंवा शेती यांच्याशी संबंध असला की ती सवलत संपते. आयईसी डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ५०० रुपयांत घरबसल्या निघतो, पॅन आणि बँकेचा कोरा रद्द केलेला चेक लागतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्याची माहिती अद्ययावत करावी लागते, काही बदल नसला तरी. नाहीतर तो निष्क्रिय होतो आणि हे तुम्हाला पार्सल मुंबईत अडकल्यावर कळतं. याचा फायदाही आहे. बिल ऑफ एन्ट्रीवर, म्हणजे कस्टमकडे भरायच्या आयातीच्या कागदावर, युनिटचा जीएसटी नंबर असला तर भरलेल्या आयजीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तो युनिटच्या जीएसटीतून वजा करता येतो. त्यासाठी एजंटाकडचा पाठवणीचा पत्ता फर्मच्या नावानं हवा, बिलही फर्मच्या नावानं, आणि जीएसटी नंबर कुरिअरला माल निघण्याआधी कळवलेला. एकदा बिल ऑफ एन्ट्री वैयक्तिक नावानं भरली गेली की दुरुस्तीला जिकीर होते.

लेन्स जुनी आहे, तर बिलात "वापरलेली" असंच लिहून घ्या. जुन्या मालाच्या आयातीवर परकीय व्यापार धोरणात बंधनं आहेत. स्वतःसाठी एक लेन्स हा एक विषय आणि विकण्यासाठी दहा हा सर्वस्वी दुसरा. प्रश्न विचारला जाऊ शकतो, आणि म्हणूनच ती पेनांच्या खोक्यात नको.

पत्ता इंग्रजीत, आधार किंवा पॅनवर आहे त्याच नावानं. "मारुती मंदिरामागे, पाण्याच्या टाकीजवळ" अशा खुणा दुसऱ्या ओळीत टाका. लेबलवर ओळ मध्येच तुटते आणि तुटायचीच असेल तर खूण तुटावी, घर नंबर नव्हे. पिनकोड आणि +९१ सह मोबाइल नंबर दोनदा तपासा. पार्सल देशात शिरताना कुरिअर केवायसी मागतं, एसएमएस किंवा मेलवर. दोन दिवसांत कागद दिले नाहीत तर साठवणुकीचं भाडं चढायला लागतं. टपालानं आलं तर ते मुंबईच्या परदेशी टपाल कार्यालयातून सुटून सोलापूरच्या पोस्टात येतं आणि ड्यूटी पोस्टमनला द्यावी लागते.

याच दिवसांत खोटे एसएमएसही येतात: "तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, या लिंकवर पैसे भरा." लिंक उघडू नका. कुरिअरची साइट स्वतः टाइप करून ट्रॅकिंग नंबर घाला; ड्यूटी खरी असेल तर तिथे दिसते. कस्टम अधिकारी कुणाच्या खासगी खात्यावर पैसे मागत नाही, आणि कस्टम खात्याच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो, तो सीबीआयसीच्या साइटवर पडताळता येतो.

खोकं हातात आलं की सही करण्याआधी कोपरे आणि चिकटपट्टी पाहा. फुटलेलं असेल तर पोचपावतीवर तसं लिहूनच घ्या. उघडताना एकसलग व्हिडिओ काढा, त्यात लेबल, वजन आणि आतली प्रत्येक वस्तू दिसली पाहिजे. आतला जाळीचा कागद आणि खोकं लगेच फेकू नका. विम्याचा दावा केला तर पॅकिंगचे फोटो मागतात. दाव्याची मुदत एजंटाच्या नियमांत लिहिलेली असते आणि ती माल पोचल्यापासून मोजली जाते, तुम्ही खोकं उघडल्यापासून नाही.